माझ्या गुडघ्यांना जावई करणारा नागराज

आमच्या घराचं दार सताड उघडं असलं तरी नागराज आत यायचा नाही. उंबऱ्याबाहेर थांबायचा, दार स्वतःच ओढून बंद करायचा आणि मग बेल वाजवायचा. एकदा वाजवून गप्प बसेल तर तो नागराज कसला. घराला आग लागल्यासारखी वाजवतच राहायचा.

आत सून कानाला यंत्र लावून ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसलेली. ती बिचारी उठून दार उघडायची. नागराज तिला हात जोडायचा. "सॉरी मॅडम, तुम्ही नको. अप्पा पाहिजे." आणि दार पुन्हा ओढून घ्यायचा. बेल पुन्हा सुरू.

अप्पा म्हणजे मी. मी आतल्या खोलीत पलंगावर. पलंगापासून दारापर्यंत जेवढं अंतर आहे तेवढ्यात धडधाकट माणसाची शिंकही पुरी होत नाही. मला ते बेळगावला चालत जाऊन यायचं असल्यासारखं वाटायचं.

पहिल्या दिवशी मी त्याला पलंगावरूनच शिव्या घातल्या. जन्मभर कारखान्यात वेल्डर होतो, त्यामुळे शिव्यांचा साठा चांगला आहे. बाहेरून आवाज आला, "आवाज भारी आहे अप्पा! म्हणजे फुप्फुस कामाला लागलंय. आता पाय घेऊन या."

समोरच्या फ्लॅटमधल्या नागपूरच्या पोराने दार उघडून डोकं बाहेर काढलं. "काका, बेल अटकली का?"

"बेल चांगली आहे," नागराज म्हणाला. "आतला माणूस अटकलाय."

वॉकर ढकलत मी दाराशी पोचलो तेव्हा घामाने निथळत होतो. ठरवलं होतं, दार उघडायचं आणि आधी याच्या कानाखाली द्यायची. उघडलं तर समोर एक बुटका माणूस. जाड भिवया, कपाळाला विभूती, शर्टाच्या बटणांना पोटाने दिलेला ताण. तो माझ्या तोंडाकडे बघतच नव्हता. खाली वाकून माझ्या डाव्या गुडघ्याकडे बघत होता.

"हा बघा," तो म्हणाला, "हा तुमचा धाकटा जावई. रुसलाय."

मारायला उचललेला हात तसाच राहिला. मारणार कुणाला? वॉकर सोडला असता तर मीच त्याच्या पायाशी गेलो असतो.

थोडं मागचं सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा भलतीकडूनच सुरू झाला.

माझं गाव निपाणीकडचं. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरांच्या दयेने. पोरवयात बेंगळुरूला आलो, सरकारी कारखान्यात वेल्डिंगला लागलो, जे. पी. नगरात वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर केलं. तिथंच संसार झाला. बायकोचं नाव मालन. ती गेल्या वर्षी गेली. कशाने गेली ते लिहीत नाही, लिहून ती परत येणार नाही. तिच्यामागे मी एकटा. जेवलो तर जेवलो. छातीत कफ भरला, तो अंगावर काढला. मग एके दिवशी शेजाऱ्यांनी माझ्या मुलाला, प्रसादला, फोन केला. मी डोळे उघडले ते काचेच्या खोलीत. घशात नळी आणि श्वास यंत्राचा. त्या खोलीतलं मला फारसं आठवत नाही. छताचे दिवे तेवढे आठवतात. विझतच नसत.

जिवंत बाहेर आलो याचं सगळ्यांना कौतुक. मला नव्हतं. दंड शेवग्याच्या शेंगेएवढे झालेले. ज्या हातांनी लोखंडाला लोखंड जोडलं त्या हातांना चमचा जड. उभं राहिलं की जमीन हलायची. डॉक्टर म्हणाले, जीव वाचवायचं आमचं काम झालं, आता अंगात ताकद आणायचं काम फिजिओथेरपीचं. प्रसादने मला महादेवपुऱ्याला नवव्या मजल्यावरच्या आपल्या फ्लॅटमध्ये आणून ठेवलं आणि इस्पितळातही पेशंटांना व्यायाम देणाऱ्या नागराजला घरी बोलावलं.

मी त्याला पहिल्या आठवड्यातच तोंडावर सांगितलं, "मला हे चाळे नकोत. मेलो असतो तर बरं झालं असतं."

तो माझी टाच तळहातावर घेऊन तोलत होता, भाजीवाला भोपळा तोलतो तशी. मान वर न करता म्हणाला, "मरा की अप्पा, कोण नको म्हणतंय. पण मरायलाही कूस बदलता यायला पाहिजे. आधी ते शिकू. स्वल्प."

स्वल्प हा त्याचा लाडका शब्द. कानडीत स्वल्प म्हणजे थोडंसं. नागराजच्या तोंडी त्याचा अर्थ वेगळा. "स्वल्प उठा" म्हणजे पूर्ण उठा. "स्वल्प चालू" म्हणजे जीभ बाहेर येईपर्यंत चालू. आडनाव जाधव. घराणं बेंगळुरूला कधी आलं ते त्याच्या आज्यालाही ठाऊक नव्हतं म्हणे. त्यामुळे त्याच्या मराठीत भाकरी कमी आणि सांबार जास्त. पण बोलायचा हौसेने. म्हणायचा, "घरी आता बोलायला चान्स नाही अप्पा, तुमच्यावर प्रॅक्टिस करतो."

आणि ती नात्यांची भानगड. माझ्या अंगातल्या प्रत्येक सांध्याला त्याने नातं लावून दिलं होतं. उजवा गुडघा थोरला जावई, कामाचा. डावा धाकटा, रुसका. मांड्या म्हणजे दोन सासरे. "जावई रुसला तर सासऱ्याने भार घ्यायचा असतो. तुमचे दोन्ही सासरे झोपलेत अप्पा." हात म्हणजे सुना. कंबर घरमालकीण, तिला विचारल्याशिवाय कुणी उठायचं नाही. मान म्हणजे आत्या, तिला उगाच डिवचायचं नाही.

मला एकुलता एक मुलगा. मुलगीच नाही तर जावई कुठले? या वयात एकदम दोन जावई पदरात पडले, आणि दोन्ही नालायक.

माझी सून केतकी पुण्याची, शांत स्वभावाची. एकदा मीटिंग चालू असताना ती आवाज बंद करायला विसरली आणि पलीकडच्या सगळ्या ऑफिसने ऐकलं: "वाकवा! धाकट्या जावयाला अजून वाकवा! ओरडू दे त्याला! सासऱ्याला झोपू देऊ नका!" तिच्या वरिष्ठ बाईंनी नंतर वेगळा फोन करून हळूच विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना.

मदत करणाऱ्या माणसाचा त्याला भारी राग. रविवारी प्रसाद घरी असायचा. मी खुर्चीतून उठायला लागलो की तो झेप घेऊन माझ्या काखेत हात घालायचा. नागराजने दोनतीनदा तोंडाने सांगून बघितलं. मग स्वयंपाकघरात गेला, पाण्याने काठोकाठ भरलेले दोन पेले आणले आणि प्रसादच्या दोन्ही हातांत दिले.

"सर, हे धरा. सांडू नका."

"पण हे कशाला?"

"काही नाही. तहान लागली तर पाहिजे."

मोठ्या कंपनीत माणसं हाताखाली बाळगणारा माझा मुलगा हॉलच्या मधोमध पेले धरून उभा. मी खुर्चीत कण्हतोय, दात ओठ खातोय, आणि त्याला हलता येत नाही. मी उठलो. माझा मी. नागराज पेले परत घेत म्हणाला, "बघा, तुम्ही नुसतं पाणी धरलं तरी अप्पा उठतात." पुढच्या रविवारी बेल वाजली तशी प्रसादने आपणहून पेले भरून घेतले.

श्वासाचा व्यायाम म्हणून इस्पितळातून एक खेळणं दिलं होतं. नळी तोंडात धरायची, हवा ओढायची, आणि डब्यातले तीन गोळे वर चढवायचे. माझा एक चढायचा, तोही उपकार केल्यासारखा. मी ते खेळणं पलंगाखाली सरकवून दिलं. नागराजने ते पायाने बाहेर काढलं, बघितलं आणि विचारलं, "अप्पा, लहानपणी काय केलं?"

"काय करणार? आईबरोबर बाजारात कोथिंबीर विकली."

"ओरडत होता?"

"ओरडल्याशिवाय कोण घेतंय?"

"मग बन्नी," म्हणजे या, म्हणाला आणि मला गॅलरीत नेलं. "ओरडा. मोठ्याने. जेवढं लांब ओढाल तेवढा श्वास."

मला वाटलं याचं डोकं फिरलंय. खाली पोहण्याचा तलाव, कारंजं, इंग्रजी बोलणारी पोरं. पण तो हटेना. मी ओरडलो, "कोथिंबीऽऽर!" पहिल्यांदा मांजरासारखा आवाज निघाला. दुसऱ्यांदा बोकडासारखा. तिसऱ्यांदा मात्र निपाणीचा बाजार आठवला. "ताजी कोथिंबीऽऽऽर! हिरवीगाऽऽर कोथिंबीऽऽऽर!"

सहाव्या मजल्यावरच्या गॅलरीतून एक बाई वाकल्या. "भैया, पुदीना भी है क्या?"

"आहे म्हणा!" नागराज मागून ढोसत होता. "पुदिना पण लांब ओढा! सोडू नका!"

थोड्या वेळात सोसायटीच्या मोबाइल ग्रुपवर तक्रार पडली की फेरीवाला आत आलाच कसा. वॉचमन काठी घेऊन वर आला. त्याला वॉकर धरून उभा असलेला लुंगीतला म्हातारा दिसला आणि शेजारी विभूती लावलेला गृहस्थ, जो त्याला म्हणत होता, "अण्णा, आलाच आहेस तर तूही स्वल्प ओरड. छाती मोकळी होते."

त्या दिवशी मी हसलो. हसताना खोकला आला, खोकताना डोळ्यांत पाणी आलं. मालन गेल्यावर डोळ्यांतून पाणी बरंच गेलं होतं, पण हसण्याने आलेलं हे पहिलंच.

असा मी उभा राहायला लागलो. मग वॉकर जाऊन काठी आली. आणि नेमकं त्याच सुमाराला प्रसादने जेवताना विषय काढला.

"अप्पा, जे. पी. नगरच्या घराला भाडेकरू बघितलाय. चांगलं कुटुंब आहे. पुढच्या महिन्यापासून येतील. आईचं सामान आपण कुणाला तरी देऊन टाकू. तुम्ही आता इथेच राहायचं."

त्याने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

मालन त्या घरात अजून आहे असलं काही मी म्हणणार नाही. गेलेली माणसं घरात बसून राहत नाहीत, एवढी अक्कल चौथीपर्यंतही येते. पण त्या घरात मिसळणाचा डबा उघडला की मोहरी कुठल्या वाटीत, जिरं कुठल्या वाटीत, हे तिने ठरवलेलं आहे. प्रसादच्या घरी सगळं झकपक आहे, त्यात माझं काही नाही. भाडेकरू आला की तो डबा कुणीतरी धुऊन पुसून रिकामा करणार. एवढंच माझं म्हणणं होतं, आणि ते मला त्या ताटावर बोलता आलं नाही. मी एवढंच म्हणालो, "मी जिना चढून दाखवला तर?"

आमचा तिथला जिना बाहेरून आहे. अरुंद आणि उभा. चांगली माणसंही वर येऊन आधी धापा टाकतात आणि मग नमस्कार करतात.

प्रसाद म्हणाला, "कुणी हात न लावता चढलात, तर भाडेकरूला नाही म्हणतो."

दुसऱ्या दिवशी मी नागराजला दार उघडलं तेच मुळी हे सांगत. तो म्हणाला, "भारी! म्हणजे आता दोन्ही जावयांना एकाच लग्नाला न्यायचं." आणि लिफ्ट सोडून मला मागच्या जिन्यावर नेलं, जिथं आग लागल्याशिवाय कुणी फिरकत नाही. तिथं त्याने नियम शिकवला: चढताना थोरला जावई पुढे, उतरताना धाकटा पुढे. चांगला पाय अंगाला वर उचलतो, वाईट पाय आधी खाली ठेवला की चांगला त्याला सांभाळून घेतो. चढताना तो स्वतः कायम माझ्या मागे, एक पायरी खाली.

"पुढे राहा की, हात तरी धरता येईल," मी म्हणायचो.

"नको. पडलात तर माझ्यावर पडा. हे पोट कशाला वाढवलंय?"

रोज तालीम. मी पण हट्टाला पेटलो होतो. वेल्डिंगमध्ये एक गोष्ट शिकलो होतो, टाका कच्चा राहिला तर तो घासून परत घालायचा, रडत बसायचं नाही.

आणि एका संध्याकाळी प्रसादने नागराजला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. हल्लीच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला भिंतच नसते, हे तो विसरला.

"नागराज, तुम्ही सांगा ना अप्पांना. जिना झेपणार नाही म्हणा. तुमचं ऐकतील ते."

"झेपेल, सर."

"झेपेल हो! पण नंतर काय? एकटे राहणार. काही झालं तर? आईच्या वेळी मी इथून निघालो आणि ट्रॅफिकमध्येच..."

नागराजचा आवाज आला. नेहमीचा नव्हता, खालच्या पट्टीतला.

"सर, मी पाय बघतो. पाय हो म्हणतोय. मी नाही कसं म्हणू? तुमची भीती अप्पांच्या पायाला बांधू नका. आत्ताच मोकळे झालेत ते."

मी पलंगावर पडून ऐकत होतो. पोरगा वाईट नाही. आई हातातून गेली, आता बाप डोळ्यांसमोर पाहिजे, यात त्याचं काय चुकलं? पण मी नुसता त्याचा बाप नाही. मी कुणाचा तरी नवराही आहे. माणूस गेलं म्हणून ते संपत नाही.

जिन्याचा दिवस आला. जे. पी. नगरात गाडीतून उतरलो. नागराज आपल्या स्कूटरवरून आधीच येऊन उभा. त्याने प्रसादच्या दोन्ही हातांत माझ्या कपड्यांच्या जड पिशव्या दिल्या. मुद्दाम. काठी माझ्याकडून काढून घेतली, कारण एका बाजूला कठडा होता. तो मीच जोडलेला, टाके अजून पक्के आहेत, हे मी जाता जाता सांगून ठेवतो.

पहिल्या पायऱ्या झोकात गेल्या. अर्ध्यावर डावा गुडघा थरथरायला लागला. श्वास वर आला. मी थांबलो. खाली प्रसाद पिशव्या घेऊन पांढराफटक. मागे नागराज, आणि नेमका त्या दिवशी तोंडाला कुलूप. एरवी कानाशी अखंड बडबड करणारा माणूस.

"बोल की काहीतरी!" मी मान न वळवता ओरडलो.

"काय बोलू? जिना तुमचा, जावई तुमचे."

असा संताप आला म्हणून सांगू! त्या संतापाने उजवा पाय वर टाकला. डावा त्याच्यामागून मुकाट आला. मग परत. मग परत. वर पोचलो तेव्हा कठड्यावर डोकं टेकून उभा राहिलो. किल्ली खिशातून मीच काढली. कुलपाच्या भोकात ती पटकन जाईना. प्रसाद खालून म्हणाला, "अप्पा, देऊ का मी—" आणि नागराज म्हणाला, "सर, पिशव्या."

दार उघडलं. बंद घराचा वास आला. मी आत जाऊन खुर्चीत बसलो आणि बाकीच्यांना डोळे दिसू नयेत म्हणून पंख्याकडे बघत राहिलो. प्रसादने पिशव्या ठेवल्या, बाहेर जिन्यावर जाऊन भाडेकरूला फोन लावला. "नाही, जमणार नाही. वडील राहणार आहेत," एवढं मला ऐकू आलं. "वडील राहणार आहेत" हे त्याने ज्या आवाजात म्हटलं, त्याने मी त्याला सगळं माफ करून टाकलं.

नागराजने तोवर घर ताब्यात घेतलं होतं. पायात अडकणारं पायपुसणं गुंडाळून माळ्यावर टाकलं. जड पातेली खालच्या फळीवरून कमरेच्या उंचीला आणली. न्हाणीत स्टूल ठेवलं. मिसळणाच्या डब्याला मात्र हात लावला नाही. मी काही सांगितलं नव्हतं.

नंतर काही आठवडे तो तिथे येत राहिला. मी भाजी आणायला लागलो, भात लावायला लागलो, काठी दाराआड उभी राहिली. आणि एके दिवशी नागराज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. येतो म्हणाला नाही, जातो म्हणाला नाही. फोन केला तर वाजून वाजून बंद. परत केला, तेच.

प्रसादला सांगितलं तर तो म्हणाला, "अप्पा, ट्रीटमेंट संपली. तुम्ही बरे झालात."

"ट्रीटमेंट संपली. माणूस पण संपतो काय?"

मला फार लागलं ते. एवढे दिवस माझी टाच हातात घेऊन बसणारा माणूस, आणि फोन उचलायला याला हात जड? मी मनात त्याला कारखान्यातल्या सगळ्या शिव्या घालून घेतल्या. साठा संपला तेव्हा नव्या बनवल्या.

मग एका सकाळी भाजीला निघालो होतो. आमच्या कोपऱ्यावर सकाळी हातगाड्या लागतात. शहाळेवाल्याच्या ढिगाआड एक ओळखीचं पोट दिसलं. नागराज. स्कूटर स्टँडवर, स्वतः बंद दुकानाच्या कट्ट्यावर चोरासारखा अंग चोरून बसलेला. नजर समोरच्या हातगाडीवर. ओठ हलत होते.

मी मागून गेलो. आता मला आवाज न करता चालता येत होतं, त्यानेच शिकवलेलं. खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "काय रे भडव्या, फोन मोडला का तुझा?"

तो दचकला, पण नजर काढेना. "अप्पा, स्वल्प थांबा. त्या निळ्या साडीतल्या अक्का बघा."

एक म्हाताऱ्या बाई कढीपत्ता निवडत होत्या आणि भाजीवालीशी भांडत होत्या.

"तुमच्याहून वाईट होत्या," नागराज कुजबुजला. "आयसीयूत बसवलं की मान पडायची. पिकलेल्या पपईसारखी. आता बघा, वाकून निवडतायत. एका पायावर भार घेऊन! बघा, बघा."

"मग भेट की जाऊन. लपतोस काय?"

"ओळखत नाहीत मला. तिथलं काही आठवत नाही ना त्यांना."

"ओळख सांग."

"एकदा सांगितली. देवळाबाहेर. अक्का, कशा आहात, म्हटलं." तो शहाळ्यांच्या ढिगाआड आणखी सरकला. "चेहरा नाही आठवला, अप्पा. आवाज आठवला. हातातलं ताट पडलं. सगळं अंग कापायला लागलं. परत नळी घालायला आलो वाटलं त्यांना."

मी त्याच्या शेजारी कट्ट्यावर बसलो.

"म्हणून फोन उचलत नाहीस?"

"बऱ्या झालेल्या माणसाला माझा आवाज कशाला? ते दिवस विसरायचे असतात."

"मग बघायला तरी कशाला येतोस?"

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. गुडघ्याकडे नाही, तोंडाकडे. "सकाळी घरी काय करू, अप्पा? अम्मा होती तोवर तिला चालवत होतो. खोलीतल्या खोलीत, खिडकीपर्यंत आणि परत. आता घरात चालणारे माझेच पाय."

शहाळेवाल्याने कोयता मारला, पाणी उडालं. मी विचारलं, "मला पण बघत होतास?"

"परवा दोन नारळ एकाच हातात घेतलेत. चूक. दोन हातांत एकेक घ्यायचा."

"आणि हाक नाही मारलीस."

तो स्कूटरच्या किल्लीशी चाळा करत बसला.

"नीट ऐक. मला तुझा आवाज ऐकून कुठलीही खोली आठवत नाही. मला कोथिंबीर आठवते. कळलं का, गाढवा?"

तेवढ्यात निळ्या साडीतल्या अक्का रस्त्याच्या कडेला आल्या. सकाळचा रस्ता, रिक्षा, ऑफिसच्या गाड्या, मोटारसायकली उलट्या दिशेने. त्यांनी एक पाय खाली टाकला आणि मागे घेतला. परत टाकला. एक रिक्षा अंगावरून गेल्यासारखी गेली. नागराज अर्धवट उठला आणि तसाच परत बसला. मीही कट्ट्यावर पुढे सरकलो, ओळख ना पाळख. मग अक्कांनी कढीपत्त्याची जुडी पोलिसासारखी वर धरली, येणाऱ्या बसला थांबवलं आणि सावकाश, मालकिणीसारख्या, रस्ता ओलांडला. पलीकडच्या उंच फुटपाथवर चढल्या. मागे वळून बघितलंही नाही.

दोघांनी एकदमच श्वास सोडला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, नागराजने माझं मनगट धरलं होतं. घट्ट. कधी धरलं ते त्यालाही कळलं नव्हतं. मालन गेल्यापासून माझा हात पुष्कळांनी धरला होता, पण जो तो नाडी बघायला.

"आता पुढचं कोण?" मी विचारलं.

त्याने हनुवटीने फुलवाल्याकडे दाखवलं. तिकडून कानटोपी घातलेले एक आजोबा काठी टेकत येत होते. आम्ही दोघं कट्ट्यावर जरा मागे सरकून बसलो, त्यांना दिसू नये म्हणून. मनगट त्याने सोडलं नव्हतं. मीही आठवण करून दिली नाही.